निवांत बंदर

मराठी प्रवासवर्णनात 'आम्ही दोघे' या कर्त्याने गेल्या साठेक वर्षांत जी जागा पटकावली आहे, तिची समीक्षेने म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे दारिद्र्य फेडण्याइतकी दक्षिणा मिळेल या आशेने, आणि सोबतीला होते चुलते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिले ते तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, परोपकारी संस्था आणि स्त्रियांचे उद्योग कसे चालतात हे आपल्या लोकांना समजावे म्हणून. दोघांनाही रमतगमत फिरण्याची चैन परवडणारी नव्हती. 'अपूर्वाई' (१९६०) मध्ये मात्र पु. ल. आणि सुनीताबाई हे जोडपे आपल्याला भेटले, आणि परदेश ही नवरा-बायकोने मिळून पाहण्याची, एकमेकांची थट्टा करत सांगण्याची गोष्ट झाली. पुढच्या लेखकांची पंचाईत अशी की पुलंची नजर उसनी घेता येत नाही. जोडपे मात्र सहज घेता येते. त्यातून दिवाळी अंकांच्या पानापानांवर एक साचा पक्का होत गेला. तो नकाशा घेऊन रस्ता चुकतो, तिला दुकाने दिसतात, दोघांना तिसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण येते, शहर स्वच्छ असते, लोक शिस्तीचे असतात, आणि शेवटी विमानतळावरून बाहेर पडताच आपल्याकडच्या रस्त्यांवर एक उसासा टाकला जातो.

या साच्याची टिंगल करणे सोपे आहे. ती मी आताच केली, तेव्हा तो विषय संपवू या. माझे म्हणणे निराळे आहे. निवांत सहलीतून चांगले गद्य निपजत नाही असे मला मुळीच वाटत नाही. उलट निवांतपणा ही पाहण्याची फार मोठी सोय आहे, आणि तिचा उपयोग आपण अर्धवट करतो. आपण दृश्य पाहतो, पण ते दृश्य रिकामे कोणी केले आणि तिथले काम कुठे गेले, एवढा एक प्रश्न विचारायचे राहून जाते. बंदराच्या शहराविषयी लिहिताना तर ही उणीव फारच डोळ्यांत भरते. माझ्यासमोरचे उदाहरण कोपनहेगनचे आहे. २०२४ च्या जून महिन्यात मी आणि माझा नवरा तिथे आठ दिवस होतो आणि ते सगळे दिवस भाड्याच्या सायकलींवर काढले.

आधी सायकलीविषयी, कारण वाक्याची लय आणि वाहनाची गती यांचा संबंध असतो असे माझे मत आहे. बसच्या खिडकीतून शहर पाहणारा लेखक नामांची यादी करतो: राजवाडा, चर्च, पुतळा, पुन्हा चर्च. पायी चालणारा तपशिलात इतका गुंततो की दोन गल्ल्यांत त्याचा दिवस जातो. सायकल या दोहोंच्या मधली. एका वस्तीतून दुसरीत जाताना घरांच्या विटांचा रंग कुठे बदलला हे तिच्यावरून कळते, आणि वाटले तर पाय टेकून थांबताही येते. पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकल शिकवावी लागत नाही असा आमचा समज होता. तिथल्या सायकलीला मागचा ब्रेक पायात, पायडल उलटे फिरवले की लागणारा. पहिला दिवस हाताने हवेत ब्रेक दाबण्यात गेला.

त्या शहरात सायकलीचा मार्ग फुटपाथहून एक पायरी खाली आणि मोटारींच्या रस्त्याहून एक पायरी वर असतो. सावकाश जाणाऱ्याने उजवी कड धरायची, पुढे जाणारा डावीकडून घंटी वाजवून जातो. थांबायचे असेल तर आधी हात वर करायचा, म्हणजे मागच्याला कळते. डावीकडे वळायचे तर एकदम वळायचे नाही. आधी चौक सरळ ओलांडायचा, तिथे उभे राहून तोंड फिरवायचे आणि पुढच्या हिरव्या दिव्याला निघायचे. या दोन टप्प्यांच्या वळणाने आम्हांला दोन दिवस छळले. सत्तरीच्या आजीबाई पुढच्या टोपलीत भाजी घेऊन आमच्या शेजारून गेल्या तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, आपण पर्यटक आहोत हे यांना घंटी न ऐकताही कळतंय." नॉरेब्रो या वस्तीतल्या मुख्य रस्त्यावर सकाळच्या वेळी दिवे अशा हिशेबाने लावलेले आहेत की ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला एकामागून एक हिरवेच मिळत जावेत. आम्हांला बहुतेक लालच मिळाले. आमची गती वीसपेक्षा पुष्कळ कमी होती आणि ती वाढवायची आमची इच्छाही नव्हती.

इथेच पहिली गोष्ट लक्षात येते. तो हिरव्या दिव्यांचा हिशेब निवांत माणसासाठी नाही, कामावर जाणाऱ्यासाठी आहे. कोपनहेगनची सायकल ही मुळात कामगाराची सायकल. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेची छायाचित्रे पाहिली तर क्निपल्सब्रो या पुलावरून टोप्या घातलेल्या माणसांचे लोंढेच्या लोंढे जाताना दिसतात: गोदीत, कारखान्यात, कचेरीत. मग पन्नास-साठच्या दशकांत मोटारी आल्या, सायकली आटल्या, चौक वाहनतळ झाले. १९६२ मध्ये स्ट्रॉएट हा बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखला गेला तेव्हा दुकानदारांनी विरोध केला होता. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षांत सायकलस्वार हजारोंनी मोर्चे काढून महापालिकेपुढे उभे राहिले. २०१६ मधल्या मोजणीत शहराच्या मध्यभागी सायकलींची संख्या मोटारींपेक्षा अधिक भरली, ती एवढ्या इतिहासानंतर. 'हे लोक जात्याच शिस्तीचे' हे आपल्या प्रवासवर्णनांतले आवडते वाक्य अशा वेळी आळशीपणाचे वाटते. ज्या गोष्टीसाठी माणसे भांडली ती आपण त्यांच्या स्वभावात जमा करून टाकतो आणि मोकळे होतो.

(पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, डबलसीट जाणाऱ्याला हवालदार शिटी मारून थांबवी, वगैरे स्मरणरंजन मी इथे टाळते. त्यावर पुरेसे लेख झाले आहेत. त्या सायकली कोणामुळे गेल्या यावर मात्र झालेले नाहीत.)

आता बंदर. 'क्योबनहाउन' या नावाचा अर्थच व्यापाऱ्यांचे बंदर. परंपरा शहराचा आरंभ ११६७ मध्ये बिशप आब्सालोनने बांधलेल्या किल्ल्यापासून मोजते. पुढे सतराव्या शतकात चौथ्या क्रिस्तियान राजाने पाण्यापलीकडे डच धर्तीवर कालव्यांची वसाहत वसवली, ती क्रिस्तियानहाउन. त्याच राजाने मालाची देवघेव व्हावी म्हणून पाण्याकाठी बाजारभवन बांधले, चार ड्रॅगनांच्या शेपट्यांचा पीळ असलेल्या मनोऱ्याचे. १६ एप्रिल २०२४ रोजी त्याला आग लागून तो मनोरा कोसळला. आम्ही गेलो तेव्हा सगळे परांचीने वेढलेले होते, आणि पुलावर येणारा प्रत्येक सायकलस्वार मान वळवून त्या रिकाम्या आकाशाकडे पाहत जात होता.

पाहण्याच्या ठिकाणांपैकी न्यूहाउन हे सर्वांत अधिक छापले गेलेले: रंगीत घरे, डोलकाठ्या, बिअरचे पेले. हा कालवा १६७० च्या दशकाच्या आरंभी खणला तो जहाजांना शहराच्या पोटापर्यंत येता यावे म्हणून. हान्स क्रिस्तियान अँडरसन इथल्या तीन वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या काळी राहिला. शतकभरापूर्वी ही जागा खलाशांच्या गुत्त्यांची आणि गोंदणाऱ्यांच्या दुकानांची होती, सभ्य घरातल्या माणसाने संध्याकाळी जाऊ नये अशी. आज तिथे एका पेल्याला पडतात त्या पैशांत पुण्यात दोघांचे जेवण होते. जलपरीच्या पुतळ्याविषयी काही लिहीत नाही. ती फक्त सव्वा मीटरची आहे, १९१३ पासून खडकावर बसली आहे, तिचे डोके दोनदा कापून नेले गेले आहे, आणि तिच्यापुढे उभे राहून सगळेच जण 'एवढीशीच?' असे म्हणतात. आम्हीही म्हणालो.

मला अधिक बोलायचे आहे ते पुलांविषयी आणि पाण्याविषयी. गेल्या वीस वर्षांत या बंदरावर सायकलींसाठी पुलांमागून पूल झाले: ब्रुगेब्रोएन २००६ मध्ये, सायकलचा साप म्हणतात तो उंच वळणदार मार्ग २०१४ मध्ये, गोल तबकड्यांचा पूल २०१५ मध्ये, न्यूहाउनसमोरचा सरकणारा पूल २०१६ मध्ये, छोटा लांगेब्रो २०१९ मध्ये. नवरा स्थापत्याचा माणूस. न्यूहाउनसमोरच्या पुलाला मध्ये जी दोन वेडीवाकडी वळणे घातली आहेत, त्यांवरून तो त्या पुलावर तीनदा उलटसुलट गेला आणि तीनही वेळा वेग मारावा लागला म्हणून चिडला. मला मात्र एक साधी गोष्ट खटकत राहिली. पूल बांधणे म्हणजे खालून मोठी जहाजे क्वचितच जातील हे गृहीत धरणे. हे पूल उघडतात, पण त्यांचा संसार मिटलेल्या अवस्थेतच चालतो. धंदा जोरात असलेल्या बंदराच्या मध्यावर अशी सायकलींची शिवणकला करता येत नाही. तिथे माणसांना नावेने तरी जावे लागते किंवा लांबून वळसा तरी घालावा लागतो.

तीच गोष्ट पाण्याची. इस्लान्स ब्रुगे या धक्क्यावर लाकडी फळ्यांचे तळे करून ठेवले आहे, आणि बंदराच्या पाण्यात पोरे उड्या मारतात. १९९० च्या दशकापर्यंत शहराचे सांडपाणी पावसात याच पाण्यात उतरत असे. साठवणटाक्या बांधून, वाहिन्या वळवून पाणी सुधारले आणि २००२ मध्ये तिथे पोहण्याची सोय झाली. महापालिकेला याबद्दल जेवढे श्रेय द्यावे तेवढे थोडे. पण पाणी निवळले यात गोदी उठून गेल्याचाही वाटा आहे. पलीकडच्या रेफशालेओएन या बेटावर बुर्माइस्टर आणि वाइन यांचा जहाजबांधणीचा कारखाना होता. याच कंपनीने १९१२ मध्ये 'सेलांदिया' हे महासागरावर जाणारे डिझेलचे जहाज बांधले. जगातल्या वाफेच्या जहाजांचे दिवस भरले ते तेव्हापासून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आज त्या भल्यामोठ्या शेडांतून जुने फर्निचर मिळते, नाटके होतात, भिंतीवर चढण्याचा व्यायाम होतो, आणि मोकळ्या पटांगणात २०१८ पासून देशोदेशींच्या खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आहेत. आम्हीही तिथे, सायकली आडव्या टाकून, पाण्याकडे तोंड करून बसलो. संध्याकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन अजून गेलेले नव्हते. आठ दिवसांतली ती सर्वांत सुखाची संध्याकाळ, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हातातल्या पत्रकात लिहिले होते की या जुन्या औद्योगिक परिसराचे सर्जनशील वस्तीत रूपांतर झाले आहे. हे वाक्य मला मराठीत पाठ आहे. दिवाळी अंकांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ते शेकडो वेळा छापले गेले आहे. त्यातले क्रियापद पाहावे: 'झाले'. मराठीत 'करणे' आणि 'होणे' या दोन धातूंमध्ये नैतिकतेचा मोठा व्यवहार दडलेला असतो. 'करणे'ला कर्ता द्यावा लागतो. 'होणे'ला लागत नाही. गोष्ट आपोआप, ऋतू बदलावा तशी होते. 'गिरण्यांचे मॉल झाले' असे आपण गेली वीस-पंचवीस वर्षे बोलतो. १९८२ चा संप, जमिनींचे कायदे, त्यांत केलेले बदल, मालक, सरकार, पुढारी हे सगळे त्या एका 'झाले'मध्ये विरघळून जाते. प्रवासवर्णनाचे गद्य तर या धातूवरच जगते. तेथे पूर्वी गोदी होती, आता उपाहारगृहे झाली आहेत, सूर्यास्त सुंदर होतो.

मग साधा प्रश्न विचारून पाहावा: ते काम गेले कुठे? जगातल्या जहाजांवरचा माल कमी झाला नाही. तो तर अनेक पटींनी वाढला. मालाची पोती गेली, कंटेनर आले, त्यांना खोल पाणी, मैलभर सपाट जमीन आणि शहरापासून अंतर लागते. कोपनहेगनमध्ये त्याच काठावर, जलपरीकडे जाण्याच्या वाटेवर, निळ्या काचांची मेर्स्क कंपनीची मुख्य कचेरी आहे. सायकलीवरून जाताना ती दोन मिनिटांत मागे पडते. समोरच्या काठावर २००५ मध्ये उघडलेले ऑपेरागृह याच घराण्याच्या देणगीतून उभे राहिले. म्हणजे बंदरातून जहाजे गेली, जहाजांचा हिशेब मात्र तिथेच राहिला. आणि जहाजे? याच उद्योगसमूहाच्या भागीदारीतले एक टर्मिनल २००६ पासून आपल्या न्हावा-शेव्याला चालते.

हे वाक्य लिहिताना मला कसलाही गौप्यस्फोट करायचा नाही. धंदा आहे, तो उघड आहे, त्यातून उरणपनवेलमध्ये पुष्कळांना पगार मिळतो. मला रस आहे तो या गोष्टीत की मराठी जोडपे कोपनहेगनच्या धक्क्यावर बसून 'किती शांत बंदर!' असे लिहिते तेव्हा त्या शांततेचे दुसरे टोक आपल्याच किनाऱ्यावर आहे, आणि ते मराठीतच बोलते. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, त्यापूर्वी शेवा नावाचे एक गाव तिथे होते. ते उठवले गेले. शेतकऱ्यांना नवीन शेव्यात आणि कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात वसवले. त्या कोळीवाड्यातल्या घरांना वाळवी लागली, जमीनच वाळवीची. पुन्हा दुसरीकडे वसवा ही मागणी घेऊन गावकरी कित्येक वर्षे झगडत राहिले, कधी होड्या घेऊन जहाजांची वाट अडवत. मुंबईच्या जुन्या गोदीतला माथाडी आणि खलाशी आपल्या साहित्यात निदान कवितेतून आला. शेव्याच्या वाळवीला मराठी गद्यात अजून जागा मिळायची आहे, आणि कोपनहेगनच्या सूर्यास्ताला मात्र दरवर्षी मिळते.

यावर कोणी म्हणेल की सुट्टीवर गेलेल्या माणसाने एवढे ओझे कशाला वाहायचे? नवऱ्याने तिथेच, टपरीवरच्या बाकावर, नेमके हेच विचारले. "तू इथेही शेवा काढलंस. निदान ताटातलं गार होण्याआधी खा." आक्षेप योग्य आहे. सहलीचे रूपांतर आत्मताडनात करणारे लेखही मी पुष्कळ वाचले आहेत, अलीकडे तर त्यांचाही साचा तयार होत आहे: युरोपातल्या प्रत्येक दगडाखाली वसाहतीचे रक्त शोधायचे आणि मग तिथेच कॉफी प्यायची. त्यातही 'मी' फार मोठा होतो आणि शहर लहान. मला त्या दोन्ही प्रकारांपासून सुटका हवी आहे, आणि ती मला वाटेत दिसणारी नावे वाचल्याने मिळाली.

क्रिस्तियानहाउनच्या काठाने जाताना 'आसियातिस्क प्लाद्स' अशी पाटी लागते. आशियाई चौक. अठराव्या शतकात डेन्मार्कच्या आशियाई कंपनीचे आवार इथे होते. १७५० च्या सुमाराचे तिचे दगडी गोदाम अजून उभे आहे आणि आता ते परराष्ट्र खात्याच्या आवारात आहे. आम्ही तिथे सफरचंद खायला थांबलो होतो. डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगंबाडी घेतली. ठाणे त्यांच्याकडे १८४५ पर्यंत राहिले, म्हणजे तंजावरची मराठी गादी आली, नांदली आणि दुबळी झाली तो सगळा काळ. १७५५ मध्ये त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूर घेतले. हे दुसरे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित असते, पण त्यावरचे निशाण माहीत नसते. इंग्रज कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून विल्यम कॅरी १८०० मध्ये डॅनिश गव्हर्नराच्या आश्रयाला श्रीरामपुरात गेला. तिथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले, आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांतला मराठी-इंग्रजी कोश. त्याच दशकात तंजावरास सरफोजीराजांनी छापखाना घालून 'बालबोध मुक्तावळी' छापवली. या राजाला ज्याने बालपणी शिकवले तो श्वार्ट्झ हिंदुस्थानात उतरला होता तो १७५० मध्ये, तरंगंबाडीला, डॅनिश राजाने सुरू केलेल्या मिशनात.

मराठी मुद्रणाच्या आरंभाचे दोन झरे असे दोन डॅनिश ठाण्यांच्या वाटेने येतात. गद्याचा इतिहास शिकवताना 'कॅरीने श्रीरामपूर येथे छापले' हे वाक्य मी स्वतः वर्गात अनेकदा उच्चारले आहे; ते श्रीरामपूर कोणाचे, तिथला कर कोणाच्या तिजोरीत जाई, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि पाठ्यपुस्तकानेही सुचवला नाही. त्या गोदामाच्या भिंतीला टेकून मात्र तो आपोआप पडला. निवांतपणाची सोय म्हणतात ती हीच. बसने हा चौक चुकला असता. चौकात कॅरीचे नाव कुठेही नाही, असण्याचे कारणही नाही.

पाण्याच्या पलीकडे, राजवाड्याच्या बाजूला, दुसरे एक गोदाम आहे, वेस्ट इंडीजचे. त्यात साखर, रम, कॉफी उतरत असे, आणि ती पिकवणारी माणसे आफ्रिकेतून डॅनिश जहाजांनीच पलीकडे नेलेली असत. डेन्मार्कने गुलामांच्या व्यापाराला बंदी घालणारा हुकूम १७९२ मध्ये काढला खरा, पण अंमल ठेवला १८०३ पासून. मधल्या अकरा वर्षांत मळेवाल्यांनी माणसे भरून घ्यावीत अशी ती सवलत होती. गुलामगिरी सुटली १८४८ मध्ये, आणि सुटल्यावरही करारांनी बांधलेल्या मजुरांनी १८७८ मध्ये सेंट क्रॉइ बेटावर मळे पेटवले. त्या उठावातल्या पुढाऱ्यांपैकी मेरी थॉमस हिला याच शहरात, क्रिस्तियानहाउनच्या तुरुंगात, आणून ठेवले होते. २०१८ मध्ये या गोदामासमोर तिचा सात मीटरचा पुतळा उभारला गेला. जनेट एलर्स आणि ला वॉन बेल या दोन स्त्री-शिल्पकारांचे ते काम. बेटे स्वतः १९१७ मध्ये अमेरिकेला विकली गेली होती. गोदामात आज प्लास्टरच्या प्रतिकृतींचा संग्रह आहे आणि दाराशी मायकेलअँजेलोच्या दाविदाची नक्कल उभी आहे; पर्यटक तिच्याबरोबर छायाचित्र काढून घेतात.

प्रवासवर्णनाला मी मागते आहे ते फार नाही. इतिहासाचे परिच्छेद ज्ञानकोशातून उतरवून मध्येच कोंबावेत असे तर मुळीच नाही. तो रोग आपल्याकडे आधीपासूनच आहे. मला एवढेच हवे आहे की लेखकाने आपल्या 'होणे'च्या वाक्यांपाशी क्षणभर थांबावे आणि त्यांतल्या एखाद्या तरी वाक्याला कर्ता द्यावा. रमाबाईंच्या पुस्तकाचे मोठेपण यातच आहे. त्या संस्थेचे वर्णन करतात तेव्हा ती कोणी काढली, पैसा कोठून आला, काम कोण करते हे त्यांना सांगावेसे वाटते, आणि तरीही नवल वाटण्याची त्यांची ताकद कमी होत नाही. त्यांच्यानंतरच्या शंभर वर्षांत आपण विनोद कमावला, प्रसन्नता कमावली, मीना प्रभूंसारख्या लेखिकेकडून एकटीने हिंडण्याचे धाडस कमावले. रमाबाईंची ही चौकस क्रियापदे मात्र वाटेत सांडली. साहित्याच्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णन हा प्रकार अजूनही 'ललित गद्य' या कप्प्यात, शैलीच्या दोन-चार विशेषांपुरता शिकवला जातो. वर्गात एकदा पाच प्रवासवर्णनांतली 'झाले', 'होते', 'बनले' ही क्रियापदे अधोरेखित करून प्रत्येकाचा कर्ता शोधायला सांगून पाहावे. मी सांगून पाहिले आहे. पहिल्या तासाला मुले हसली. दुसऱ्या तासाला एका मुलीने मुंबईच्या बंदराविषयीचा एक जुना ललित लेख आणला, ज्यात भाऊच्या धक्क्यावरचा हमाल ओझे उचलताना दिसतो, पण वाक्य असे आहे की ओझे आपणच उचलले जाते. तिचे वडील कळंबोलीला ट्रेलर चालवतात, कंटेनरचे. त्यांना धक्क्यावर आत शिरायला कधी कधी दीड दिवस रांगेत थांबावे लागते, असे तिने सांगितले, आणि त्या रांगेला त्यांच्या भाषेत काय म्हणतात हेही.

आम्ही सायकली परत करायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोराने चाके तपासली, घंटी वाजवून पाहिली आणि किती किलोमीटर झाले असे विचारले. नवऱ्याने अंदाजे एकशे चाळीस सांगितले. आठ दिवसांत? तो हसला. एवढे अंतर त्याच्या आईला कामावर जाण्यायेण्यात आठवड्याला पडते, म्हणाला, आणि ती विमानतळावर सफाईचे काम करते.